चढाई की कोपरा

मुरुमच्या बाजारपेठेमागं आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या भिंतीला लागूनच घर. दोन्हींच्या मध्ये एकच दार होतं. ते उघडं राहिलं की घरात पीठ यायचं आणि गिरणीत फोडणीचा वास जायचा. सकाळी पट्टा फिरू लागला की फळीवरचे पेले एकमेकांवर थरथरत. ज्वारी संपून दुसरं धान्य पडलं की आवाज बदलायचा, आणि आई भाकरी थापता थापता, न वळता सांगायची, "डाळ पडली बघ." अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर त्या आवाजात उभे असत. त्यामुळं त्यांची बोलायची सवयच गेली होती. दोन बोटं चिमटीत धरली म्हणजे बारीक, बोटं पसरली म्हणजे जाडसर, असा त्यांचा गिऱ्हाइकांशी व्यवहार चाले. रात्री जेवायला बसल्यावरही ते बोटानंच चटणी मागत. आईला त्याचा राग यायचा, पण चटणी ती वाढायची.

बाकीच्यांना बोलायला मिळायचं ते वीज गेल्यावर. वीज दुपारी जायची, आणि परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. डबे आणि पिशव्या घेऊन आलेली माणसं घरी न जाता तिथंच बसून राहत. गिरणी बंद झाली की कबड्डी सुरू व्हायची. टीव्हीवर व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या लोकांनी एक संघ आपला मानला होता. त्या संघाचा मुरुमशी कसलाही संबंध नव्हता. मालक बाहेरचे, खेळाडू देशभरातले. तरी गिरणीतल्या बोलण्यात तो संघ कायम 'आपला' असायचा, आणि दर वर्षी हंगाम संपला की एकच प्रश्न निघायचा: कॉलेजच्या पोरांतून आपण या वेळी कुणाला घ्यावं?

हा वाद चालवणारी मुख्य माणसं तीन. बिराजदार सर निवृत्त खेळशिक्षक होते. त्यांना मांडी घालता येत नसे, म्हणून ते वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर बसत. शरणप्पांचं अडत दुकान होतं. शेतकऱ्याचं पोतं उघडलं की ते कोपरापर्यंत हात आत घालून तळातला माल वर काढत, कारण वर चांगलं आणि खाली मातेरं हा प्रकार त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. तिसरा बाब्या. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तो वयानं लहान होता आणि कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही सामन्याची क्लिप त्याच्या मोबाइलमध्ये असायची. इंटरनेटवर संघाच्या चाहत्यांचं एक पानही तो चालवत असे.

"सर, दोन किलो वाढलाव की," काट्याकडं बघून बाब्या सुरुवात करी.

"माझं वजन बघू नको. आपल्या संघाचं बघ. चढाईला माणूस हाय का एक तरी? गेल्या हंगामात पोरं रेषेपर्यंत जायलीत आन् हात हलवत परत यायलीत. हळदीकुंकवाला गेल्यासारखी."

"चढाईचं सोडा हो सर," शरणप्पा म्हणत. "डावा कोपरा उघडा पडलाय. घराला दार न्हाय आन् तुम्ही नवं कपाट आणाय निघालाव."

"दारानं पोट भरतंय व्हय? चढाई म्हंजे कमाई. कोपरा म्हंजे वॉचमन."

"वॉचमन नसला की कमाई चोरीला जाती, सर."

मग नावं निघत. उमरग्याचा, लातूरचा, बार्शीचा, कुणाचा दम लांब, कुणाचा हात आखूड. त्या वर्षी ही नावं गळत गळत दोनवर आली. पकडीला बेंबळीचा रफिक, डावा कोपरा. चढाईला माझा थोरला भाऊ महेश.

मी तेव्हा बारावीला होते. दाराच्या आतल्या बाजूला पुस्तक घेऊन बसायचे, कारण उजेड तिथंच यायचा. महेश कॉलेजमधून येऊन माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा. आई त्याला वेगळं वाढायची: दुधात कुस्करलेली भाकरी, भिजवलेल्या खारका, मूठभर शेंगा, वर तूप. दाराच्या पलीकडं त्याच्या शरीराची चर्चा चालू असायची. "मांड्या बारीक हैत." "दम चांगलाय, पण उजवीकडंच वळतंय." "घोटा नाजूक हाय पोराचा, आईवर गेलाय." हे बोलणाऱ्यांना तो आत आहे हे माहीत असायचं. ते आवाज कमी करत नसत. महेश घास तोंडात ठेवून ऐकायचा, वाक्य संपलं की चावायचा. एकदा त्यानं ताट बाजूला सारून स्वतःच्या मांडीला दोन्ही हातांनी विळखा घालून बघितला. पुढं वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर काम करताना खेळाडूंच्या उंची-वजनाच्या चौकटी मी रोज लावल्या. त्या चौकटी लावताना मला तो विळखा दिसायचा.

त्याच्यासाठी काय पणाला लागलं होतं हे घरात सगळ्यांना कळत होतं. अभ्यासात त्याचं मन नव्हतं. गिरणीत उभं राहिलं की त्याला धाप लागायची, पीठ त्याच्या छातीला सोसत नसे. कबड्डी सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं. आणि आता पुण्याला निवडीसाठी त्याला बोलावणं आलं होतं. रफिकलाही आलं होतं. आपला संघ दोघांतला एकच घेणार, असं बाब्या छातीठोकपणे सांगायचा. त्याला ते कुणी सांगितलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकांनी महेशला बजावलं होतं की निवड होईपर्यंत कुठल्याही गावच्या सामन्यात उतरायचं नाही.

निवड जवळ आली तसा गिरणीतला वाद चिघळला. थट्टा कमी झाली. एका दुपारी सरांनी शरणप्पांना "तुला खेळातलं काय कळतंय, तू तुरी मोज" म्हटलं, आणि शरणप्पा डबा तिथंच टाकून निघून गेले. त्यांचं दळण आई पोचवून आली. काही दिवस त्या दोघांनी एकमेकांकडं तोंड केलं नाही. बाब्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगायचा, दोघंही समोरासमोर असताना. मग शरणप्पाच एक दिवस दारात उभे राहिले आणि म्हणाले, "असं भांडून न्हाय चालायचं. मोबाइलमधी बघून कुणी माल घेतंय का? नमुना हातात घेतल्याबिगर बोली न्हाय. येळवशीला माझ्या रानात या सगळे. बेंबळीच्या पोराला मी बोलावतो. ह्याची चढाई, त्याचा कोपरा. डोळ्यांनी बघू, मग बोलू."

सर काट्यावरून उठले. "आता बोललास मानसासारखं," ते म्हणाले. दोघांनी हातात हात दिले. कुणीतरी चहा सांगितला. महेशला कुणी विचारलं नाही. तो दाराआड होता, आणि तो हसत होता.

आईनं त्याच रात्री विषय काढला. "पुण्याला जायच्या तोंडावर कशाला खेळतोस? तुझे कॉलेजचे सर नको म्हणले न्हवं?"

"एकच डाव हाय आई. ते बेंबळीवरनं येणार, आन् म्या घरात बसू? म्हणतील, भ्यालं."

"म्हणू देत की. म्हणून काय हाडं मोडतेत?"

"तुला न्हाय कळायचं."

"अहो, तुम्ही तर सांगा," आई अण्णांना म्हणाली. अण्णांनी हात वर उचलला आणि खाली घेतला. त्या खुणेचा अर्थ आम्हा दोघींनाही लागला नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात. बाजार बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नसतात, सगळे रानात. शरणप्पांच्या रानात ज्वारी डोक्याइतकी झाली होती. कडब्याची खोपटासारखी कोप उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड मांडले होते, पूजा झाली होती. आंबिलीचा माठ ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीला ठेवला होता. बायकांनी भज्जीचं, म्हणजे सगळ्या भाज्या-डाळींच्या कालवणाचं, पातेलं, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर असं सगळं चादरीवर मांडलं होतं. येळवशीला रानात आलेला पाहुणा पोटभर जेवल्याशिवाय उठत नाही, आणि त्या दिवशी दोन्ही खेळाडू पाहुणे होते. त्यांना पंक्तीत मध्ये बसवून आग्रह करकरून वाढलं. ज्याला सामना खेळायचा आहे त्यानं इतकं खाऊ नये, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, सरांना तर नक्कीच. पण येळवशीला 'पुरे' म्हणायची रीत नाही आणि ऐकायचीही नाही.

रफिक अंगानं बसका, चेहऱ्यानं लाजाळू होता. तो आंबिलीचा तिसरा पेला हातात घेऊन महेशला हळूच म्हणाला, "भाई, धीरे खेळू. पुण्याला जायचंय दोघांला."

"व्हय. नुसतं दाखवू त्यांना," महेश म्हणाला. "तू घोटा धरल्यासारखं कर, म्या पडल्यासारखं करतो."

दोघं हसले. मी आईशेजारी भांडी घासत होते, मी हे ऐकलं. आईनंही ऐकलं. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

सोयाबीन निघून मोकळ्या राहिलेल्या तुकड्यात मैदान केलं होतं. आमची जमीन काळी. पाऊस उलटला की ती फाटते, आणि येळवशीपर्यंत भेगा एवढ्या होतात की वासराचा पाय अडकावा. बाब्यानं आणि त्याच्या मित्रांनी आदल्या दिवशी त्या भेगांत सोयाबीनचं भुसकट कोंबलं होतं, वर माती ओढून पाणी मारलं होतं, आणि चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. मैदान तळहातासारखं सपाट दिसत होतं. शरणप्पा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मान हलवून म्हणाले, "झकास." पोत्यात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी खाली काय आहे ते बघावंसं वाटलं नाही.

पहिल्या काही चढाया ठरल्याप्रमाणं झाल्या. महेश गेला, हात लावल्यासारखं करून परत आला. रफिक झेपावल्यासारखा झाला, थांबला. बांधावर माणसं जमली होती. शेजारच्या रानांतूनही आली होती, कारण शरणप्पांनी तसं निरोप पाठवून सांगितलं होतं. हळूहळू बांधावरून आवाज येऊ लागले.

"ओ, नाचायला आलाव का खेळाय?"

"पोट जड झालंय वाटतं पाव्हन्याचं!"

"महेश, पाय टाक की," सर ओरडले. "ह्यासाठी शिकवलं का तुला?"

"रफिक! माल दाखव बाळा," शरणप्पा ओरडले. "लाज राख माझी."

मला महेश आणि रफिकचे चेहरे दिसत होते. आधी ते एकमेकांकडं बघत होते. मग त्यांनी बघायचं सोडलं.

पुढच्या चढाईला महेश खरोखरच गेला. तो डाव्या कोपऱ्यात शिरला, बोटांनी रफिकच्या छातीला शिवला आणि उजवीकडं वळला. रफिक खाली गेला आणि त्यानं डावा घोटा धरला. ती पकड अचूक होती. महेशनं अंग मध्यरेषेकडं झोकलं आणि उजव्या पायावर सगळा भार दिला. तो पाय खाली गेला. वरची माती फुटली, भुसकट दबलं, आणि नडगीपर्यंतचा पाय भेगेत उभा रुतून बसला. वरचं अंग मात्र वळत राहिलं. वाळलेलं ज्वारीचं धाट मोडल्यासारखा आवाज झाला. तो बांधावरही ऐकू आला.

महेशचा दम सुटला नव्हता. तो मातीत पडून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत होता आणि रेषेकडं हात लांबवत होता. रफिकनं घोटा केव्हाच सोडला होता. तो दोन्ही हात वर करून उभा होता. "छोड़ा मैंने, छोड़ दिया," एवढंच तो म्हणत होता.

"पॉइंट!" सर ओरडले. "हात लागला रेषेला!"

"न्हाय लागला," शरणप्पा म्हणाले. "बाब्या, बघ रं मोबाइलमधी."

बाब्या चित्रण करत होता. तो थांबला, मागं नेऊन बघू लागला, आणि तीन डोकी त्या काचेवर वाकली. एवढ्या वेळात आई मैदानाच्या मध्यावर पोचली होती. अण्णा तिच्या मागून धावत होते आणि ओरडत होते. अण्णांचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग सगळेच गोळा झाले. कुणीतरी म्हणालं चमक भरली असेल, पाय ओढा. महेशचे खांदे धरून त्यांनी पाय ओढला. त्यानंतर त्याचा दम सुटला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं काय काय तुटलं ते कागदावर काढून दाखवलं. शस्त्रक्रिया झाली. चालता येईल, असं ते म्हणाले. आणखी कुणी काही विचारलं नाही. महेशनं निवडीची तारीख उलटेपर्यंत टीव्ही लावू दिला नाही, नंतर लावायला सांगितलं. संघानं रफिकला घेतलं होतं. गिरणीत त्या दुपारी पेढे वाटले गेले. शरणप्पा म्हणत होते की आपण बोललो ते खरं झालं, आणि सर म्हणत होते की चढाईवाला धड असता तर गोष्ट निराळी होती. ते वाईट लोक होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. दवाखान्यात रात्री जागायला सर होते, डबा शरणप्पांच्या घरून येत होता. एवढंच की पेढे वाटणाऱ्या हातांनीच तो डबा आणला होता, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुण्याला जाण्याआधी रफिक घरी आला. आईनं त्याला वाढलं. त्याला खाता येईना. मग महेश म्हणाला, "घोटा धरताना डोकं वर राहतंय तुझं. तिथं कुणीतरी गुडघा मारंल. हनवटी छातीला लाव." रफिकनं मान हलवली. पहिल्याच सामन्यात त्यानं तसंच केलं, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. महेशनं मांडीवर थाप मारली. आईला बरं वाटलं. पोरगा परत बोलायला लागला, असं ती शेजारणीला म्हणाली.

तो खरंच बोलायला लागला. धाप लागत असूनही तो गिरणीत जाऊन बसू लागला. वजनकाट्याशेजारी त्याच्यासाठी खुर्ची आली. वीज गेली की सगळे त्याच्याकडं बघत. त्याला सरांपेक्षा जास्त दिसायचं आणि तो शरणप्पांपेक्षा कमी शब्दांत सांगायचा. "ह्याचा दम तिसऱ्या मिनिटाला तुटतोय." "ह्याला भावासारखा न्हाय, बापासारखा प्रशिक्षक पायजे." तो बोलला की वाद मिटायचा. पुढचा हंगाम संपला तेव्हा अणदूरच्या एका पोराचं नाव निघालं. मल्हार. बाब्यानं क्लिप दाखवली. महेशनं ती पुन्हा पुन्हा लावली आणि मोबाइल परत दिला.

"पोरगं चांगलंय," तो म्हणाला. "पण उतरताना पाय आत पडतोय का, ते ह्यात दिसत न्हाय."

अण्णा पट्टा पुसत होते, ते थांबले.

"मग बोलवावं का त्याला?" बाब्यानं विचारलं. "एकदा बघाय?"

मी दाराआड होते. आईही होती, तिच्या हातात परात होती. महेशनं दुखऱ्या पायावरचं पीठ झटकलं. "बोलवा," तो म्हणाला. "बघितल्याबिगर कसं सांगायचं?"

आई परात ठेवून परसात गेली. अणदूरला तिची मावसबहीण दिलेली होती. तिच्याकडून त्या पोराच्या घरचा नंबर मिळवायला तिला रविवार उजाडला. त्या सकाळी महेश बाब्याच्या गाडीवर मागं बसून कुठंतरी गेला होता; कुठं ते त्यानं सांगितलं नव्हतं. आईनं माझ्याकडून फोन लावून घेतला आणि आवाज मोठा करायला सांगितला. अण्णा गिरणीत होते.

"मल्हारची आई का?" ती म्हणाली. "तुम्ही मला वळखत न्हाय. मी मुरुमवरनं बोलते. तुमच्या लेकराला हिकडं खेळाय कुणी बोलवलं, तर पाठवू नका. पाया पडते, पर पाठवू नका."

पलीकडं भांड्यांचा आवाज होता. बाई गोंधळल्यासारखी वाटली. "मुरुमवरनं? गिरणीवाल्यांच्या घरनं का?"

"व्हय."

"अहो मग तुमचा महेशच आलाय की न्यायला. हितंच बसलाय, च्या पितोय. लई गुणाचं पोर बघा. पाय दुखतोय तर खुर्ची दिली मी. देऊ का त्याच्याकडं?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला, त्यात एक महेशचा होता.

"नको," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

तेवढ्यात आत आलेल्या अण्णांनी भुवया उंचावून, हातानंच, काय म्हणाली असं विचारलं.

"च्या दिलाय म्हणली," आई म्हणाली.